पडवीत आलेला कवटीचा पतंग: अपशकुन, विष आणि मधपेटी

प्रश्न कुडाळजवळच्या एका गावातून आला आहे. थोडक्यात असा: ऑक्टोबरात, दिवेलागण झाल्यावर पडवीतल्या ट्यूबलाइटपाशी तळहाताएवढा काळपट पतंग आला. पाठीवर माणसाच्या कवटीसारखी खूण. वडील केरसुणीने हुसकायला गेले, तर पतंग चक्क ओरडला. आजी म्हणाल्या, हे मरणाचं पाखरू, घरात आजारी माणूस आहे, ठेवू नका. परसात सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत आणि त्या आठवड्यात पेट्यांतून रात्री गुणगुण वाढल्यासारखी वाटते आहे. पतंग विषारी आहे का, मारावा का, परत आला तर काय करावे?

विषारी नाही. मारू नका. ही उत्तरे दोन शब्दांत संपतात. पण तुमची खरी काळजी त्यात नाही. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असते तेव्हा पाल चुकचुकली तरी काळीज हलते, आणि इथे तर कवटी घेऊन कोणीतरी दारात आले. ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट पेट्यांची. ती तुम्ही शेवटी सहज म्हणून लिहिली आहे, पण त्या पतंगाचे तुमच्या परसात येण्याचे कारण बहुतेक तिथेच आहे. म्हणून दोन्ही बोलू.

आधी ओळख पटवून घेऊ. पाठीवर कवटी आणि तोंडाने आवाज, या दोन खुणा एकत्र असतील तर तो डेथ्स-हेड हॉकमॉथच. त्याच्या वंशाचे शास्त्रीय नाव अकेरॉन्शिया. जगात याच्या तीनच जाती आहेत. अट्रोपोस ही युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातली. आपल्याकडे दिसतात त्या लॅकेसिस आणि स्टिक्स. लॅकेसिस मोठी आणि काळवंडलेली, पंखांचा विस्तार 10 ते 13 सेंटीमीटर. स्टिक्स जरा लहान आणि उजळ. दोघींत फरक करायचा तर मागचे पंख बघा. स्टिक्सचे मागचे पंख पिवळे, त्यावर दोन काळे पट्टे. लॅकेसिसच्या मागच्या पंखांचा बुडखाच काळा असतो, आणि पोटावर मधोमध निळसर करडा रुंद पट्टा असल्याने पिवळा रंग दोन्ही कडांना ढकललेला दिसतो. तुम्ही 'काळपट' लिहिले आहे आणि गाव कोकणातले आहे, म्हणून लॅकेसिस असावी असा माझा कल आहे. पण बसलेल्या पतंगाचे मागचे पंख झाकलेले असतात, तेव्हा नुसत्या वर्णनावर मी शिक्का मारणार नाही.

कवटी नसेल तर मग दुसरे काहीतरी आहे. पावसाळ्यात घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जिन्याखाली, मोरीच्या भिंतीला पंख सपाट पसरून बसणारा तपकिरी पतंग आणि त्याच्या पंखावर डोळ्यासारखी गोल खूण, तो एरेबस. वीतभर लालसर पंख आणि पंखांच्या टोकांना सापाच्या डोक्याचा भास, तो ॲटलास. दोघेही निरुपद्रवी आहेत आणि दोघेही ओरडत नाहीत.

आता ती कवटी जवळून बघू. डोक्याच्या मागे, छातीच्या पाठीकडच्या भागावर, पिवळट खवल्यांचा एक ठिपका असतो. त्यात दोन काळे ठिपके, खाली गडद कडा. बस्स. पतंगाच्या अंगावरचा सगळा रंग खवल्यांचा असतो. ते खवले बोटाला लागले की भुकटीसारखे निघतात, आणि जुन्या, झिजलेल्या पतंगाच्या पाठीवर कवटी जवळजवळ पुसली गेलेली असते. दोन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ दिसली की माणसाचे डोके तिथे चेहरा बघते. मोटारीच्या पुढच्या भागात, भिंतीवरच्या ओलीत, ढगात आपण चेहरे बघतोच. हा चेहरा कवटीसारखा उमटतो, एवढेच त्याचे दुर्दैव. पतंगाची खरी धमकी पाठीवर नाही, पोटावर आहे. छेडले की तो अंग उचलतो, पंख फाकवतो आणि आतापर्यंत झाकलेले पिवळे-काळे पट्टे दाखवतो, म्हणजे गांधीलमाशीचा गणवेश. पक्षी तेवढ्याने थबकतो. एरवी दिवसभर तो झाडाच्या खोडावर पंख कौलासारखे उतरते मिटून बसतो आणि सालीत असा मिसळतो की हातभर अंतरावरून दिसत नाही.

आवाजाबद्दल तुम्ही 'चक्क ओरडला' लिहिले आहे, ते बरोबर आहे. आवाज करणारे इतर बहुतेक कीटक अंगाचे भाग एकमेकांवर घासून किंवा पडदा थरथरवून करतात. हा तोंडातून करतो. सोंडेवाटे हवा आत ओढतो, ती घशाच्या पोकळीत जाताना तिथली एक लहानशी झडप थरथरते आणि घोगरी करकर ऐकू येते. मग तीच हवा बाहेर ढकलतो तेव्हा बारीक शिटी निघते. दोन्ही इतक्या पटकन होतात की आपल्याला एकच 'चीं' ऐकू येते. बाजाच्या पेटीच्या भात्यासारखाच हा प्रकार. हाताळले, अडकवले, केरसुणी दाखवली की तो हा आवाज करतो. म्हणजे तो घाबरलेल्याचा आवाज आहे. तुमच्या वडिलांना जे ओरडणे वाटले ते 'मला सोडा' होते.

विषाचा मुद्दा इथेच संपवतो. याला नांगी नाही, दंश नाही, खाजरे केस नाहीत. सोंड जाड आणि टोकदार आहे, पण ती मधाच्या पोळ्यावरची मेणाची टोपी फोडण्यापुरती. कातडीत घुसत नाही. खवल्यांची भुकटी डोळ्यांत गेली तर कोणत्याही धुळीने होते तशी चुरचुर होईल, दम्याच्या माणसाला शिंक-खोकला येईल. म्हणून हाताळल्यावर हात धुवावेत आणि आजारी माणसाच्या खोलीत झटापट करू नये. पंखांच्या भुकटीने आंधळेपण येते असे म्हणतात, त्याला आधार नाही. 2022 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात 'घोणस अळी'ची जी घबराट उडाली होती, ती वेगळ्या कुळातली, काटेरी अंगाची अळी. तिचा काटा लागला तर आग होते हे खरे. तिच्यामुळे सगळ्याच अळ्या आणि पतंग संशयात आले. या पतंगाची अळी गुळगुळीत असते आणि शेपटीवरचे शिंग बोटाने दाबले तरी काही करत नाही.

ती अळी तुम्ही किंवा आजींनी नक्की पाहिलेली असणार, फक्त दोघांचा संबंध जोडला नसेल. तिळाच्या शेतात, वांग्यावर, वालाच्या मांडवावर, धोत्र्यावर, घाणेरीवर, जाईच्या वेलावर करंगळीहून जाड, पूर्ण वाढल्यावर 10 ते 12 सेंटीमीटर लांब, बहुधा हिरवी किंवा पिवळी, कधी तपकिरी, दोन्ही बाजूंना सात तिरप्या रेघा आणि शेवटी खडबडीत, टोकाशी वर वळलेले शिंग. शेतीच्या पुस्तकांत स्टिक्सची ओळखच तिळावरची कीड अशी आहे. मादी पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडे सुटे घालते, म्हणून शेतात एका झाडावर एक-दोनच अळ्या असतात. पण एकटी अळी शेवटच्या आठवड्यात फांदीच्या फांदी उघडी करते. खाली पडलेली मोठी, खाचा असलेली लेंडी दिसली की वर बघायचे, अळी तिथेच सापडते. छेडली तर तीही जबड्याने टकटक आवाज करते. वाढ पुरी झाली की खाणे सोडते, रंग मळतो, खाली उतरते आणि मऊ मातीत वीतभर किंवा त्याहून खोल जाऊन पोकळी करते. त्यात तकतकीत तांबूस तपकिरी कोश. उबदार, ओल्या दिवसांत तीनेक आठवड्यांत पतंग बाहेर येतो. उशिरा उतरलेल्या अळ्यांचे कोश थंडीचे महिने जमिनीतच काढतात. पावसाळा सरताना पतंग जास्त दिसतात ते यामुळे: पावसात अळ्यांना पाला मिळालेला असतो आणि ती पिढी याच सुमारास बाहेर पडते. तुमच्या ऑक्टोबरचा उलगडा एवढाच आहे. घरात आजार नसता तरी तो त्याच रात्री आला असता.

तिळाचे पीक असेल तर अळ्या हाताने वेचाव्यात, तेवढे पुरते. सुटी अंडी घालणाऱ्या किडीवर सरसकट फवारणी करणे म्हणजे तुमच्याच मधमाश्या मारणे. तीळ फुलावर असतो तेव्हा तर मुळीच नको. काढणीनंतर खोल नांगरट केली की कोश वर येतात आणि बगळे-साळुंक्या ते टिपतात. अळीच्या अंगावर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोश चिकटलेले दिसले तर ती अळी वेचू नका. तिच्यात परजीवी गांधीलमाशीची पिल्ले वाढली आहेत; ती बाहेर पडून आणखी अळ्या संपवतील.

आता शकुनाकडे येतो, कारण आजींना 'हे सगळं थोतांड' म्हणून चालणार नाही आणि तसे म्हणूही नये.

या पतंगाभोवतीचे मरणाचे वलय मुख्यतः युरोपात तयार झाले, आणि त्यात नाव ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांचा मोठा हात आहे. कार्ल लिनियसने 1758 मध्ये युरोपातल्या जातीला अट्रोपोस नाव दिले. ग्रीक पुराणात माणसाच्या आयुष्याचा धागा तीन बहिणींच्या हाती असतो. एक सूत काढते, लॅकेसिस मोजून देते आणि अट्रोपोस कातरीने तोडते. पुढे 1798 मध्ये फॅब्रिशियसने आपल्याकडच्या मोठ्या जातीला लॅकेसिस नाव दिले. स्टिक्स हे तर पाताळातल्या नदीचे नाव, आणि वंशाचे अकेरॉन्शिया हे नावही तशाच दुसऱ्या नदीवरून, अकेरॉनवरून. म्हणजे यमलोकाची वंशावळ कागदावर चिकटवली गेली ती खूण बघून. पतंगाने काही केले म्हणून नव्हे. चित्रकारांनी ती पुढे चालवली. इंग्लंडच्या होल्मन हंटने 1851 मध्ये रंगवलेल्या 'द हायरलिंग शेफर्ड' या चित्रात मेंढ्या सोडून प्रेमात रमलेला मेंढपाळ मुलीला हाच पतंग दाखवतो आहे. बघणाऱ्याने पुढचा अनर्थ ओळखावा म्हणून. व्हॅन गॉगने 1889 मध्ये सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना एक मोठा पतंग रंगवला आणि भावाला लिहिताना त्याला 'डेथ्स-हेड', म्हणजे कवटीवाला, म्हटले. चित्रातला पतंग मात्र तो नाहीच. तो पंखांवर मोरपिसासारखे डोळे असलेला जायंट पीकॉक मॉथ आहे, आणि चित्र आज त्याच नावाने ओळखले जाते. एकदा नाव हातात आले की माणूस दुसऱ्याच पतंगात मरण बघतो, याचा याहून बोलका दाखला मला माहीत नाही. मग सिनेमे आले, पोस्टरे आली, आणि आता मोबाइलवर पाठीचा फोटो टाकला की उत्तरात आधी मृत्यूच येतो.

आपल्याकडे अपशकुनाची पाखरे म्हणजे घुबड आणि टिटवी. पतंगाची आपल्या परंपरेतली जागा निराळी आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप बघून म्हणतो, 'यथा प्रदीप्तं ज्वलनं पतङ्गा विशन्ति नाशाय समृद्धवेगाः'. पेटलेल्या आगीत पतंग झेपावतात तसे हे योद्धे तुझ्या मुखात शिरताहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपल्या चोवीस गुरूंमध्ये पतंगाचे नाव घेतो, कारण रूपाला भुलून जळणारा तो; आणि एकनाथ महाराजांनी याच स्कंधावर मराठीत विस्ताराने लिहिले आहे. पुढे शाहिरीत, भावगीतात, गझलेत तोच दिवा आणि तोच पतंग. नीट बघा: इथे पतंग मरण आणत नाही, तो स्वतः मरतो. त्याच्याकडे बघून आपल्याला भीती वाटायला नको, कणव वाटायला हवी, असे आपले जुने ग्रंथच सांगतात. आजी कीर्तन-प्रवचनाला जाणाऱ्या असतील तर त्यांना कीटकशास्त्राऐवजी हे सांगा. लवकर पटेल.

तो दिव्यापाशी येतो ते प्रेमाने नव्हे, हेही आता कळले आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी रात्रीच्या कीटकांचे दिव्याभोवतीचे उडणे टिपले. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून उडणारा कीटक पाठ उजेडाकडे ठेवतो आणि त्यावरून वर-खाली ठरवतो. शेजारी दिवा आला की तो पाठ दिव्याकडे वळवतो, अंग कलते आणि त्याला गिरक्या पडतात. निघायचे असूनही निघता येत नाही. तुमच्या पडवीतला पतंग त्या ट्यूबलाइटच्या सापळ्यात अडकलेला होता.

यावरूनच त्याला बाहेर काढण्याची रीत ठरते. पहिली गोष्ट केरसुणी खाली ठेवणे. तिने पंख फाटतात, पाय तुटतात आणि मग तो खरोखरच घरात मरतो. पडवीतला दिवा बंद करा, आतल्या खोल्यांचे दरवाजे ओढून घ्या, आणि पाच-दहा मिनिटे थांबा. बहुतेक वेळा तो भिंतीवर बसतो. बसला की त्याच्या पुढच्या पायांसमोर खडबडीत काठी किंवा घडी केलेले सुती फडके धरा आणि मागून अगदी हलके बोट लावा. तो पुढे चढतो आणि घट्ट धरतो. चढत नसेल तर किमान 15 सेंटीमीटर तोंडाचा डबा वरून ठेवा आणि खालून जाड कागद सरकवा. लहान डब्यात पंख मोडतात. पंखांनी धरून उचलू नका. बाहेर नेऊन दिव्यापासून दूर, अंधारातल्या झाडाच्या खोडावर उतरवा, आणि ते खोड मुंग्यांच्या वाटेवर नाही ना बघा. उतरवल्यावर तो लगेच उडणार नाही. आधी पंख मिटलेलेच थरथरवील, दोन-चार मिनिटे तरी. लोकांना वाटते तडफडतो आहे किंवा चिडला आहे. त्याला उडायला छातीचे स्नायू तापवावे लागतात, थंडीच्या सकाळी गाडीचे इंजिन तापवतात तसे. ते पुरे झाले की सरळ वर जातो. पाणी शिंपडू नका, साखरपाणी पाजू नका. शक्य असेल तर हे सगळे आजींच्या समोर करा. ओरडणारे पाखरू शांतपणे निघून गेलेले त्यांनी बघितले पाहिजे.

परत येऊ नये म्हणून पडवीतली पांढरी-निळसर ट्यूब काढून पिवळसर, कमी वॉटचा एलईडी दिवा लावा, त्याला वरून टोपी असू द्या म्हणजे उजेड खाली पडेल, आणि गरज नसेल तेव्हा बंद ठेवा. फरक त्याच आठवड्यात दिसतो.

आणि आता मधपेट्या. बाकीचे हॉकमॉथ फुलांतला मध पितात; रताळ्याच्या वेलावर ज्याची अळी असते त्या जातीची सोंड दहाएक सेंटीमीटर लांब असते. याची सोंड त्या मानाने आखूड, जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, पण जाड आणि मजबूत. लांब नळीच्या फुलांना ती पोचत नाही. ती बनली आहे पोळ्यासाठी: मेणाची टोपी फोडायची, सोंड घरात घालायची, मध ओढायचा. पिकलेली फळे आणि झाडाचा पाझरही चालतो, पण मन मधावर. हा पतंग मधचोर आहे, आणि अंधार पडल्यावर तुमच्या परसात त्याला बोलावणारा वास दोन पेट्यांतून येतो आहे.

हजारो माश्यांमध्ये तो शिरतो कसा? पहिले, अंगावर जाड कवच आणि दाट केस, मधमाशीच्या विषाला तो बराच दाद देत नाही. दुसरे, आणि महत्त्वाचे, वास. मधमाशी अंधाऱ्या पेटीत आपले-परके वासावरून ओळखते. 1991 मध्ये युरोपातल्या जातीवर झालेल्या कामात दिसले की पतंगाच्या अंगावर चार मेदाम्ले आहेत आणि तीच चार, तशाच प्रमाणात, मधमाशीच्या अंगावर असतात. वासाच्या दृष्टीने तो पेटीत जवळजवळ अदृश्य असतो. त्याचा आवाज राणीमाशीच्या आवाजासारखा असतो आणि त्याने माश्या गप्प होतात, असे जुने मधपाळ म्हणत; पण तो आवाज पतंग तुमच्या केरसुणीपुढेही करतो, म्हणून मी वासाच्या बाजूने आहे. ही चोरी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रांस्वा ह्युबर या स्विस अभ्यासकाने नोंदवले होते की या पतंगांच्या धाडी वाढल्या तेव्हा माश्यांनी पेटीच्या दारात मेण आणि डिंकाच्या भिंती उभ्या करून फक्त स्वतःपुरती फट ठेवली. ह्युबर स्वतः आंधळे होते. डोळे त्यांच्या सहायकाचे.

तुमच्या माश्या सातेरी आहेत, आणि सातेरी डिंक गोळा करत नाही. त्यामुळे ह्युबरच्या माश्यांसारखे दार त्या बांधणार नाहीत. ते तुम्हाला करून द्यावे लागेल. प्रवेशद्वारावर लाकडी पट्टी ठोकून फटीची उंची 8 मिलिमीटर ठेवा. कामकरी माशी परागाच्या गोळ्यांसह आरामात जाते, या जाड छातीच्या पतंगाला जाता येत नाही. जुन्या पेट्यांत लाकूड कुजून फट 12-15 मिलिमीटर झालेली असते, गडबड तिथे होते. पट्टी लावताना रुंदी फार कमी करू नका. कोकणातल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात हवा कोंडली तर माश्या दाराबाहेर दाढीसारख्या लोंबकळतात. छपराखालची, कोठ्यांच्या जोडावरची फटही बघा. दारावर 8 मिलिमीटर, आणि वरून बोट जाईल एवढी भेग, असे असेल तर पट्टीचा उपयोग नाही.

एक सांगायला हवे: गुणगुण वाढली म्हणजे कारण हाच पतंग, असे मी धरून चालणार नाही. वेळ बघा. दिवेलागणीनंतर अचानक गलका आणि थोड्या वेळात शांत, तर पतंग किंवा दारापाशी बसणारी पाल. भर दिवसा दारावर माश्यांची सळसळती लाट उठत असेल तर गांधीलमाशी. रात्रभर सलग अस्वस्थता असेल तर मुंग्या. पेटीच्या पायांखालच्या वाट्यांतले पाणी आटले आहे का बघा. आणि यांतले काही नसेल तर पेटी उघडून मेणकिडा शोधा. तोही पतंगच, पण नखाएवढा, करडा, नजरेत न भरणारा. कवटी नाही, आवाज नाही, कोणी त्याला अपशकुनी म्हणत नाही, आणि पेट्या बसवतो तो. चौकटीवर रेशमी जाळ्या, मेणात बोगदे, तळपाटावर मेणाचा चुरा आणि काळी लेंडी ही त्याची लक्षणे. सातेरी वसाहत अशा पोळ्याला कंटाळते आणि एक दिवस पेटी सोडून निघून जाते. तळपाट दर पंधरा दिवसांनी खरवडून साफ करा, काळे पडलेले जुने पोळे काढून टाका, आणि वसाहत जेवढ्या चौकटी झाकते तेवढ्याच आत ठेवा. रिकाम्या चौकटी म्हणजे मेणकिड्याला दिलेली भाड्याची खोली.

मोठा पतंग पेटीत मेलेला सापडला तर दचकू नका. चोरी साधली नाही की माश्या त्याला मारतात. मृत पतंग काढून टाका, पोळ्याला धक्का लागला आहे का बघा, झाले. एका पतंगाच्या पोटात मावून मावून किती मध मावणार. पेटीवर संकट आले असे समजून सगळ्या चौकटी उपसत बसलात तर तुम्हीच जास्त नुकसान कराल.

थोडक्यात क्रम असा ठेवा: आज दिवा बदला, उद्या सकाळी दाराची उंची पट्टीने मोजा, आणि दोन-तीन संध्याकाळी पेटीपाशी लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन पंधरा मिनिटे बसा. लाल उजेड पतंगांना आणि माश्यांना फारसा जाणवत नाही. पतंग आलाच तर तो दारावर उतरून चालत आत जाऊ बघतो, घिरट्या घालत बसत नाही. पट्टी बरोबर बसली असेल तर दोन-तीनदा डोके घालून परत फिरतो.

पुन्हा पडवीत सापडला तर सोडण्याआधी तीन फोटो काढा: वरून पाठ, बाजूने पोट, आणि काठीवर चढताना पंख उघडतो त्या क्षणी मागचे पंख. सोबत मोजपट्टी ठेवा. एवढ्यावर लॅकेसिस की स्टिक्स ते पक्के सांगता येईल. वालाच्या मांडवाखाली लेंडी दिसते का तेही बघून ठेवा, अळी सापडली तर आजींना तीच आधी दाखवा.